न फुललेली आमरी

मी वनस्पतींच्या जाती ठरवतो असं सांगितलं की गावातले लोक हमखास विचारायचे, "झाडांतबी जाती हायत का मास्तर?" आहेत, म्हणायचो. "मंग त्यांच्यात रोटीबेटी चालती का?" या विनोदावर मी पहिली दोन वर्षं हसलो. नंतर सोडून दिलं.

मोमिनाबादेच्या, म्हणजे आपल्या आंबेजोगाईच्या, सरकारी मदरशात मी विज्ञान शिकवायचो; निजामाच्या राज्यात शाळेला मदरसाच म्हणत. शिकवायचं उर्दूत, घरी बोलायचं मराठीत आणि झाडांची नावं लिहायची लॅटिनमध्ये. त्यामुळे मला धड कुठल्याच भाषेत भांडता येत नाही, असं बायको म्हणायची. ते खरं नव्हतं. मला चांगलं भांडता यायचं.

झाडांपैकीसुद्धा मी फक्त आमरीच्या मागे होतो. इंग्रजीत ज्याला ऑर्किड म्हणतात, ते कूळ. कोकणातल्या आणि घाटावरच्या आमरींवर साहेबलोकांनी जाडजूड पुस्तकं लिहून ठेवली होती. निजामाच्या मुलखात मात्र गुडघे टेकून कोणी बघितलं नव्हतं. आमच्या डोंगरावर पावसाळ्यात गवतातून वीतभर उंचीच्या आमरी निघायच्या, तीन-चार महिने राहायच्या आणि मातीत गडप व्हायच्या. वर्षातले उरलेले महिने त्या जमिनीखाली शेंगदाण्याएवढा किंवा फार तर बोराएवढा कंद होऊन पडून असत. लोकांना त्यांचं नावही माहीत नव्हतं. शेळीला विचारलं असतं तर तिनं जास्त सांगितलं असतं.

आमरीची जात फुलावरून ठरते, पानावरून नाही. फुलाची एक पाकळी ओठासारखी पुढे आलेली असते आणि त्या ओठाच्या मागून मधाची एक बारीक नळी खाली लोंबते. ओठ किती ठिकाणी चिरलेला आहे, नळी केवढी आहे, परागाचे दोन पिंड कसे बसलेत, हे भिंगाखाली पाहायचं. सुकलेलं फूल असेल तर कोमट पाण्यात घालून फुगवायचं आणि सुईनं उलगडायचं. फूलच नसेल तर गप्प बसायचं. अंदाजानं नाव देणाऱ्या माणसाचा मला आजही संताप येतो.

ती आमरी मला सापडली नाही, बायकोला सापडली. नवरात्रात घटाच्या माळेसाठी तरवडाची फुलं आणायला आळीतल्या बायका डोंगराच्या उतारावर गेल्या होत्या. ही परत आली ती पदरात तरवड आणि मुठीत मुळासकट उपटलेलं एक रोप घेऊन. जमिनीला चिकटून वाढणारी दोन गोल पानं, मध्ये काठीसारखा दांडा, त्यावर फळं धरलेली.

"हे तुमच्या कागदांत हाय का बघा," ती म्हणाली.

नव्हतं. फळाच्या टोकाला फुलाचा वाळका चुरा अजून चिकटलेला होता आणि त्यातून नळीचा जो धागा लोंबत होता तो फळाच्या दुपटीहून लांब होता. तशी नळी आणि तशी पानं एकत्र असलेली आमरी माझ्या एकाही पुस्तकात नव्हती. ओठाचा मात्र पार भुगा झालेला. म्हणजे नवी जात असू शकेल, पण ओठ पाहिल्याशिवाय काहीच म्हणता येत नव्हतं, आणि ओठ दिसणार पुढच्या श्रावणात.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं जाऊन चार-पाच कंद खणून आणले. बाकीचे जागेवर राहू दिले. डोंगरावरचीच माती कुंड्यांत भरून त्यात ते पुरले आणि कुंड्या परसातल्या भिंतीशी ओळीनं ठेवल्या. मी तिला बजावलं की मृग निघेपर्यंत यांना पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. ऑस्ट्रेलियातल्या जमिनीवरच्या आमरी सगळा उन्हाळा अशाच कोरड्या मातीत कंद होऊन झोपतात, हे मी वाचलेलं होतं. झोपलेल्या कंदाला पाणी मिळालं की तो कुजतो. तिला ते पटलं नाही. ती आष्टीकडची, दुष्काळी मुलखातली. तिच्या माहेरी पाण्याला नाही म्हणणारी वस्तूच कोणी पाहिलेली नव्हती.

"नवी निघाली तर नाव कुनाचं देत्यात?" तिनं विचारलं.

"शोधणाऱ्याचं देता येतं."

ती कंद पुरता पुरता थांबली. आमच्यात नवरा बायकोला नावानं हाक मारत नाही. लग्नात उखाणा घेताना मी तिचं नाव एकदा घेतलं होतं, तेवढंच. एरवी "अगं", "ऐकलंस का", नाहीतर नुसतं खाकरणं. आता तेच नाव पुस्तकात छापलं जाणार, साहेब ते वाचणार, याचं तिला इतकं हसू आलं की मातीचा हात तसाच तोंडावर गेला. दिवाळीला माहेरी गेली तेव्हा सगळ्या आष्टी तालुक्याला सांगून आली असावी.

संक्रांतीनंतर तिला ताप आला आणि माघात ती गेली. मूलबाळ नव्हतं.

मला रडू आलं नाही. लोकांनी वाट पाहिली. बहीण म्हणाली, एकदा मोकळा हो. मला मोकळं व्हायला आत काही भरल्यासारखंच वाटत नव्हतं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी मदरशात गेलो आणि पोरांना फुलाचे भाग शिकवले. संध्याकाळी जुन्या उर्दू अखबारांत दाबलेली रोपं काढली, ओले कागद बदलले, वर दगड ठेवले. जेवणाला चव नव्हती, पण जेवत होतो. भाजलं तरी कळायला वेळ लागायचा. आळीतल्या बायका मला दगड म्हणायच्या हे मला ऐकू यायचं आणि त्यांचं काही चुकतंय असं वाटायचं नाही.

त्याच सुमारास डोंगराच्या त्या उतारावर जंगलाच्या ठेकेदारानं कोळशाच्या भट्ट्या लावल्या. मी पाहायला गेलो तेव्हा झाडी गेलेली आणि जमीन भाजून विटेसारखी लाल झालेली होती. बाकीचे कंद तिथंच होते. मी खूप ठिकाणी उकरून पाहिलं. हाताला राख लागली. म्हणजे आता त्या आमरीचं जे काही होतं ते माझ्या परसातल्या कुंड्यांत होतं. श्रावणात एक जरी फूल आलं तर आमरीला बायकोचं नाव देता येणार होतं, नाहीतर ओठ नसलेल्या त्या एका वाळक्या रोपावरून ही वेगळी जात होती हे सिद्ध करता येणार नव्हतं. या एका गोष्टीचं मला काहीतरी वाटत होतं. बाकी कशाचं नाही.

चैत्रात सासरे आले. तिच्या आजारपणात ते आले होते, दिवस झाल्यावर परत गेले होते. आता बैलगाडीत ज्वारीचं पोतं आणि स्वतःची वळकटी टाकून पुन्हा आले आणि राहिले. किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सासू आधीच वारलेली. घरी दोन मुलगे शेत बघत होते. भाकरी मी थापायचो, वाईट थापायचो, ते मुकाट्यानं खायचे. दिवसातून चार वाक्यं आमच्यात होत असतील, त्यातली दोन बैलांबद्दल.

खरं सांगायचं तर मला त्यांचा राग यायचा. त्या वर्षी विहिरी वैशाखाच्या आधीच तळाला गेल्या होत्या. पखालवाला एक दिवसाआड येई आणि पाणी मोजून घ्यावं लागे. त्यांच्या वाटणीची बादली त्यांना अंघोळीला द्यायचो, तरी म्हातारा अंघोळ केल्यासारखा दिसायचा नाही. अंगाला घामाचा वास यायचा. धोतर तेच. एकदा मी चिडून म्हणालोच, "मामा, पाणी आणून देतो ते कशाला?" ते म्हणाले, "व्हय जी." दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच. शेतकरी माणूस, सवय नसेल, असं म्हणून मी नाद सोडला.

उन्हाळ्यात मदरसा सकाळचा असायचा. उजाडता उजाडता मी निघायचो आणि दुपारी परत यायचो. आल्यावर पहिली नजर कुंड्यांवर. माती वरून कोरडी ठणठणीत, भेगाळलेली. बरं वाटायचं. सगळं शिस्तीत चाललंय असं वाटायचं.

मृग निघाला. सरी आल्या. मी कुंड्या भिंतीपासून पुढे ओढून पावसात ठेवल्या. डोंगरावरच्या इतर आमरींची पानं वर आली, ती मी जाऊन पाहून आलो. कुंड्यांत काही नाही. आर्द्राही बरसल्या. कुंड्यांत गवत उगवलं, ते मी चिमटीनं काढलं. सासरे रोज सकाळी उकिडवे बसून मातीकडे बघायचे. "येत्यात का?" एवढंच विचारायचे. "येतील," मी म्हणायचो.

पुनर्वसू लागलं तेव्हा मी खुरपं घेऊन पहिली कुंडी उकरली. वरची माती ठीक होती. खाली चार बोटांवर वास आला. कंदाच्या जागी काळी साल होती आणि आत पाणी. दाबलं तर बोटांना चिकटलं. दुसऱ्या कुंडीत तेच. तिसरी मी उपडीच केली. तळाशी चिखल, जुना, काळा आंबलेला. दोन-चार सरींनी असा चिखल होत नाही. हा महिनोन्‌महिने साचलेल्या पाण्याचा चिखल होता.

माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते शेजारच्या पोरांचं. कोणी आणि कधी, याचा हिशेब मी लावत होतो. सासरे भिंतीला धरून उभे होते. त्यांचा चेहरा मी पाहिला नाही, आवाज ऐकला.

"पानी कमी पडलं का, जावईबापू?"

मी वर पाहिलं.

"मी घालत हुतो," ते म्हणाले. "तुमी शाळंत गेलं की. माजी अंगुळीची बादली. रोज. थोडं थोडं, समद्यांना सारकं. ऊन असं, दुपारपत्तुर वरची माती वाळून जायची. तुमाला ध्यान न्हवतं ऱ्हाईलं, म्या बघितलं, माती पार फुटल्याली. म्हनलं, जावयाचं मन थाऱ्यावर न्हाई, त्यांला कशाला सांगायचं. दिवाळीत आल्ती तवा सांगत हुती, माज्या नावाचं झाड येनार हाय म्हून."

खुरपं माझ्या हातात होतं. म्हातारा खाली बसला.

"ताप भरला तवा वैद्य म्हनला पानी देऊ नगा, ताप डोस्क्यात जाईल. तुमी म्हनला देऊ नगा. समदे म्हनले. रातभर ती मागत हुती. आबा, घोटभर. तांब्या माज्या हातात हुता, भरल्याला. तुमी बाहीर हुता. म्या न्हाई दिलं." ते जमिनीकडे बघत बोलत होते, आवाजात काहीही नव्हतं, अगदी माझ्या आवाजात नसायचं तसं. "मंग ही झाडं कोरडी दिसली. म्हनलं, ह्यांला तरी पाजू."

त्यांच्या पायांच्या टाचा भेगाळलेल्या होत्या आणि भेगांत माती होती. सगळा उन्हाळा हा माणूस आपल्या अंगावरचं पाणी काढून या कुंड्यांत ओतत होता आणि मी त्याला वास येतो म्हणून तोंड फिरवत होतो. अंगात एक कळ आली. कुठून आली ते कळलं नाही. इतक्या महिन्यांत मला काही दुखलंच नव्हतं, त्यामुळे दुखणं आधी ओळखू आलं नाही.

"सांगा की," ते म्हणाले. "कमी पडलं का?"

"नाही मामा," मी म्हणालो. "पाणी पुरेसं होतं. कंदच जुने होते. ते येणारच नव्हते."

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली. "मंग बरं झालं," म्हणाले. "मला वाटलं, हितंबी माज्याच हातनं..."

पुढचं मला ऐकू आलं नाही, कारण मी रडायला लागलो होतो. चिखलात बसून, मोठ्यानं, शेजारपाजारच्या भिंतींपलीकडे जाईल असं. थांबवता येत नव्हतं. तोंडाला माती लागली. सासरे गडबडून जवळ आले, त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि लहान मुलाला थोपटतात तसं थोपटू लागले. मी झाडांसाठीच रडतोय, असं त्यांना वाटलं असावं.

"उगी, उगी," ते म्हणत होते. "झाडच हाय जावईबापू. पुना घावंल."