मिरवणुकीत आक्काची जागा

आमच्या वडिलांचा थोरला भाऊ जोगत्या होता. लहानपणीच त्याला यल्लम्माला सोडलेलं. तेव्हापासून अंगावर लुगडं, हातात हिरवा चुडा, कपाळभर भंडारा. आम्ही भावंडं तिला आक्काच म्हणायचो, अख्खी गल्ली म्हणायची. एक आमची आई सोडून. आई तिला 'भावजी' म्हणे आणि आक्का दारात दिसली की डोक्यावरून पदर ओढून घेई. थोरल्या दिरासमोर पदर घ्यायचा, ही रीत. दीर लुगड्यात असला म्हणून रीत कशी मोडेल?

या पदराचं आक्काला फार लागायचं. "तुझी आय माझ्याम्होरं तोंड झाकती बघ," एवढंच म्हणायची. मला आईचा असा राग यायचा!

सत्तरनंतरची ती वर्षं. दादा कॉलेजात, डोक्यात नुसती चळवळ. कुठल्याशा मासिकातलं चित्र फाडून त्यानं भिंतीला डकवलं: अमेरिकेतली काळी पोरं, मुठी वर केलेली.

"ही कुणाची रं पोरं?" आक्कानं विचारलं.

दादानं सांगितलं, गोऱ्यांनी ह्यांना कातडीची लाज वाटायला लावली. आता ही म्हणतात, आम्ही काळे आणि आम्ही देखणे.

"व्हय की. देखणीच हायत."

दुसऱ्या दिवशी बघते तर काय, एकेका पोराच्या कपाळाला भंडारा! दादाचं टाळकंच सटकलं. "आम्ही देव सोडले, बौद्ध झालो, आणि तू ह्यांना भंडारा फासतीस?"

"लांबची लेकरं हायत. पोलिसांचा मार खात असतील. यल्लम्माआई राखील त्यास्नी. तुझं काय जातंय?"

मला हसू आवरेना. भंडारा मात्र कुणी पुसला नाही, दादानंही नाही.

त्याच वर्षी आक्कानं चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीत चालायचं ठरवलं. आजवर ती बिंदू चौकात गर्दीच्या मागं उभी राहून बघायची. दादाच्या मंडळातली पोरं बिथरली. लोक हसतील, जुनं खूळ परत आलं म्हणतील. आक्का सरळ विहारात गेली. डोक्यावर वाहायची देवीची परडी, तिला आमच्यात जग म्हणतात. आक्का म्हणाली, "जग ऱ्हाऊ दे घरात. लुगडं न्हाई सुटायचं. यल्लम्माआईनं मला हाय तशी घेतली. जयंती बी माझीच हाय, तिथं निम्मीच या म्हणता व्हय?" कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाही म्हणालं नाही.

जयंतीला आक्का पांढरं लुगडं नेसून आली, चुडा तसाच. पुढं पुरुष, मागं बायका, दोन्हींच्या भोवती दोर धरलेले. पुढच्या कार्यकर्त्यानं हात केला, "पावणं, मागं." मागं आली तर दोर धरलेली बाई म्हणाली, "हितं फकस्त बायका." दोन दोरांच्या मधे मोकळा रस्ता, त्यात आक्का एकटी. कुणीतरी शिट्टी मारली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायकांच्या रांगेतून मी तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारून आवाज आला. आईचा.

"वन्सं! तिथं काय उभ्या हायसा? या की हिकडं, माझ्याजवळ!"

वन्सं! नणंदेला म्हणतात तसं. मला वाटलं, माझे कानच वाजले.

"अवो, पर..." दोर धरलेली बाई म्हणाली.

"माझी नणंद हाय. कुणाला काय बोलायचंय?" जन्मात चार माणसांत न बोललेली माझी आई ओरडली. बाईनं दोर वर उचलला.

आक्का वाकून आत आली. रडून काजळ पार गालावर उतरलं होतं. पुढच्या रांगेतून दादा मागं वळून बघत होता. त्यानं मूठ वर केली, भिंतीवरच्या पोरांसारखी. घोषणा सुरू झाल्या.

ऊन रणरणत होतं, सगळ्या बायकांनी डोक्यावर पदर घेतले होते. आक्का शेजारी आली तसा आईनं आपला पदर डोक्यावरून खाली घेतला, आणि तिचा हात धरून चालायला लागली.