पार्कमधला र

माणूस जन्माला येतो तोच मुळी चुकीचे उच्चार करण्यासाठी, आणि ते सुधारण्यासाठी देवाने आपल्याला सुरतेत धाडलं आहे, याबद्दल माझ्या मावशीला कधी शंका नव्हती. डिंडोलीच्या एका मराठी शाळेत ती पहिलीचा वर्ग घ्यायची. पण तिच्या दृष्टीने अख्खी सुरतच पहिलीत होती. 'शाया सुटली' म्हणणाऱ्या खानदेशी पोरांना ती जीभ टाळूला लावून 'ळ' म्हणायला लावायचीच, पण भाजीवालीने 'कांदो' म्हटलं तर तो 'कांदा' होईपर्यंत पिशवी पुढे करायची नाही. भाजीवाली गुजराती आहे, तिच्या भाषेत कांदोच बरोबर, हे मी एकदा सांगून पाहिलं. "तिच्या भाषेत असेल," मावशी म्हणाली, "पण कांद्याचं काय?"

नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस मी मावशीकडे राहून कतारगामच्या एका एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात सुपरवायझरकी करत होतो. तिथे कोरियाहून नवं मशीन आलं आणि ते बसवायला एक तरुण मेकॅनिकही आला. हॉटेलच्या तिखट-तेलकट जेवणाने पोरगं सुकत चाललं, म्हणून एका रविवारी मी त्याला मावशीकडे वरणभाताला आणलं. त्याच्या कार्डावर इंग्रजीत नाव होतं पार्क. तो स्वतः मात्र बाक आणि पाक यांच्या मधलं काहीतरी म्हणायचा आणि शेवटचा क चक्क गिळून टाकायचा. "यातला र कुठे गेला?" मावशीने दरडावून विचारलं. त्याने बिचाऱ्याने आपल्या लिपीत नाव लिहून दाखवलं. बादलीसारखं एक अक्षर, शेजारी फाटा फुटलेली उभी काठी, खाली एक काटकोन. र नव्हताच. मग कार्डावर तो कुठून उगवला, हे त्यालाही सांगता येईना.

मावशीने पाटी काढली. चहाच्या वेळेपर्यंत त्याच्या लिपीची बाराखडी शिकून संपेल असा तिचा अंदाज. रविवारांमागून रविवार गेले. तो काटकोन कधी क व्हायचा, कधी ग. "अरे, क तरी म्हण नाहीतर ग तरी म्हण, मध्ये लोंबकळू नकोस!" ती ओरडायची, आणि तो घाबरून पुन्हा नेमकं मधलंच म्हणायचा. सगळ्यांत छळलं ते पूज्याने. नुसतं गोल शून्य. सुरुवातीला आलं तर गप्प बसायचं, शेवटी आलं तर नाकातून गुणगुणायचं. "म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखं," मावशी म्हणाली. कोपऱ्यात पेपर वाचणाऱ्या काकांनी नाकातून हुंकार दिला. उलट तो तिला 'माबशी' म्हणायचा, कारण त्याच्या भाषेत व नव्हता. तिने आरशासमोर बसवून त्याच्याकडून व घोटून घेतला, तरी ब तो बच राहिला.

मग तो तापाने फणफणला. प्लेग येऊन गेल्याला फार वर्षं झाली नव्हती. ताप म्हटलं की गल्ली खिडक्या लावून घ्यायची. हॉटेलवाला त्याला ठेवून घेईना, तेव्हा मावशीने मला रिक्षा घेऊन पिटाळलं आणि त्याला आपल्या पलंगावर निजवलं. डॉक्टर इंजेक्शन देऊन गेले. भर दुपारी तो ग्लानीत पुटपुटू लागला, "मुल... मुल..."

काकांचे डोळे भरून आले. "याले लेकरू याद ई ऱ्हायनं," ते अहिराणीत म्हणाले. मलाही गलबलून आलं. एवढ्याशा पोराला मूल आहे हे त्याने कधी सांगितलंच नव्हतं. त्याच्या घरी फोन लावावा म्हणून मी चपला घातल्या. मावशी मात्र पहिलीतल्या पोरासारखी हवेत बोट फिरवत उभी होती. "चौकोन म्हणजे म... खाली ऊ... मग ते नागमोडी... र की ल? मुर? मुल?" एकदम तिने कपाळावर हात मारला. तांब्याकडे बोट दाखवून तिनेच हा शब्द त्याच्याकडून पाटीवर लिहून घेतला होता. "अगं बाई, पाणी! पोरगं कधीचं पाणी मागतंय आणि तुम्ही त्याचं लग्न लावून बसलात!"

त्याने अख्खा तांब्या संपवला. मावशी त्याचं डोकं हातावर तोलून धरून बसली होती. डोळे पुसत मला म्हणाली, "पण ऐकलंस ना? ल नाही तो, थोडा ळ आहे."

मशीन चालू झालं आणि तो निघाला. स्टेशनवर त्याने कमरेत वाकून मावशीला नमस्कार केला आणि तिचे दोन्ही हात धरून आपल्या भाषेत बराच वेळ काहीतरी बोलला. ती प्रत्येक शब्दाला मान हलवत होती. "हो, हो. पोचलास की आधी जेव," तिने मराठीत सांगितलं. त्यानेही मान हलवली. गाडी हलली.

तो पुन्हा आला नाही. मावशी मात्र कितीतरी वर्षं, तांदूळ निवडताना, कपडे वाळत घालताना मध्येच थांबायची. "काय म्हणाला असेल रे तो?"

"चांगलंच म्हणाला असेल, मावशी."

"ते मलाही समजलं," ती म्हणायची. "पण शब्द कोणते होते?"