वस्तरा चालतो, दोरा चालत नाही

शोभाताई गेल्याचा फोन राजुरीच्या पार्लरवाल्या कल्पनाने केला, तेव्हा मी मंचरच्या स्टँडवर संघटनेचं पोस्टर चिकटवत होते. "ताई गेली गं... सकाळी. झोपेतच." शेजारच्या बाईंनी विचारलं, कोण गेलं? म्हटलं, कळंबची पार्लरवाली. बाई चटकन मागे सरकल्या. "स्वाईन फ्लूच आसंल!"

नव्हता. ताईच्या हृदयाची झडप लहानपणापासून खराब होती, सगळ्या कळंबला ते माहीत होतं, आणि डॉक्टरांनीही तेच कारण लिहून दिलं. पण गावाने त्याआधीच निकाल लावून टाकला होता.

हायवेलगत तिचा गाळा. एक आरसा, मागे मान टाकायची एक खुर्ची, एक बाकडं. त्या बाकड्यावर बसून मी माझी पत्रकं लिहायचे. "कागुद बरा हाय गं तुझा," ती म्हणायची, "वॅक्स पुसायला." आजूबाजूच्या गावांतल्या पार्लरवाल्या आठवडे बाजाराच्या दिवशी तिच्याकडे जमायच्या. स्वतःच्या भुवया स्वतःला नीट करता येत नाहीत, म्हणून एकमेकींच्या करायच्या. दोरा दातात असेपर्यंत शांतता, सुटला की नवऱ्यांचा, सासवांचा उद्धार आणि हसणं. कुणाची कंबर धरली, कुणाचं गिऱ्हाईक तुटलं, सगळं तिथे निघायचं.

यंदा पुण्यात साथ आली आणि ऐन गौरीच्या तोंडावर गाळामालक दारात उभा राहिला. "बाई, तुमी क्रीम आणायला पुण्याला जाता. दोरा तोंडात धरता. बंद ठिवा." रोज रात्री इथले टोमॅटोचे टेम्पो पुण्याच्या मार्केटला जाऊन परत येत होते, त्यांना कुणी अडवलं नाही. समोरचं पुरुषांचं सलून चालू होतं. वस्तरा चालतो आणि दोरा चालत नाही, हे कुठलं शास्त्र? ताई भांडली नाही. तोंडाला मास्क बांधला, दोऱ्याचं टोक दाताऐवजी मानेत अडकवलं आणि म्हणाली, "हे बघा, भाऊ, तोंड बंद." तरी कुलूप लागलंच.

त्या दिवसांत तिला सावरलं ते तिच्याच धंद्यातल्या बायांनी. कल्पना एसटीने यायची, मेंदीच्या ऑर्डरला तिला सोबत न्यायची. नको म्हटलं की डाफरायची, "तू घरी बसणार आसशील तर मीबी बसते. मग खाऊ दोघी मिळून हवा." पण गाळा बंद तो बंदच. "माझी खुर्ची तरी पुसून येऊ द्या," एवढंच ताई मालकाला म्हणत राहिली. तेही त्याने करू दिलं नाही.

आणि ती गेली तेव्हा... जिने गावातली निम्मी लग्नं सजवली, तिला आंघोळ घालायला गावातली एकही बाई उंबऱ्याच्या आत आली नाही. सवाष्ण गेली होती. न्हाऊ घालून हिरवं लुगडं नेसवायचं, मळवट भरायचा, ओटी भरायची. ते सगळं बाहेरगावच्या पार्लरवाल्यांनी केलं. कल्पनाने तिचे केस विंचरून अंबाडा घातला, पिना तोंडात धरून, रडत.

दहावं झालं आणि मालक गाळा रिकामा करा म्हणाला. कल्पना त्याच्या दारात गेली. "भाऊ, तुमच्या पोरीला नवरी कुणी केली? तवा तिच्या हाताला रोग नव्हता? चावी द्या." घरातून त्याची बायको बाहेर आली. तिने चावी कल्पनाच्या हातावर ठेवली.

आता गाळा कल्पना चालवते. दिवाळीपासून गिऱ्हाईक परत येतंय, त्याच बायका. मी बाकड्यावर बसून बघते. बाई खुर्चीत बसते, मान मागे टाकते. कल्पना दोरा तोडते, बोटांना गुंडाळते आणि आधी प्रत्येकीला एकच विचारते.

"ताईच्या मातीला आली व्हतीस का गं?"

बाई डोळे मिटून घेते. मग कल्पना तिच्या भुवया करते, नीट, दोन्ही सारख्या.