मेंढरं बसवायला येणारा मामा

दिवाळीत नेकनूरला माहेरी गेले होते. दुपारची जेवणं झाल्यावर अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, टीव्हीवर एक परदेशी विनोदी सिनेमा हिंदीत लावून दिला. त्यात लग्नात बाजा वाजवणाऱ्या एका माणसाला पन्नाशीत कळतं, की आपण जन्मानं ज्यू आहोत.

“ज्यू म्हंजी?” अण्णांनी विचारलं.

“त्यांचा धर्म वेगळा, अण्णा. प्रार्थना वेगळी, सणही वेगळे.”

तो बिचारा प्रार्थना शिकायला जातो. डोक्यावरची छोटी टोपी घसरत राहते, ती सावरताना तो नेमका नको तिथं उभा राहतो. अण्णा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग ते पाणी थांबेचना.

“मीबी या घरात जन्मलेलो न्हाई, बाई,” ते म्हणाले. “तुझ्या आजीनं जाताना सांगितलं. आपल्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला आलेल्या धनगरणीचा मी. ती बाळंतपणात गेली. आजीचं लेकरू नुकतंच दगावलं हुतं. तिनं मला पदराखाली घेतलं.”

मी टीव्ही बंद केला. “मग तुमच्या माणसांना शोधलं नाहीत कधी?”

“शोधायचं काय? थोरला भाऊ दरसाल मेंढरं घिऊन येतोच की.”

म्हणजे आम्ही लहानपणापासून ज्याला मामा म्हणायचो, तो म्हातारा मेंढपाळ!

“त्याला ठाऊक न्हाई. कोणत्या तोंडानं सांगू?”

त्याचा कळप तेव्हा आमच्याच रानात होता. मी अण्णांना तिकडं घेऊन गेले. ते बांधावर बसून आधी चाऱ्याचं बोलले, पावसाचं बोलले. शेवटी खाली बघत सगळं सांगून टाकलं.

म्हातारा लोकर कातत राहिला. “ठाऊक हाय मला. मीच उचलून दिलतं तुला ह्या घरच्या आईच्या हातात.”

“मग बोलला कावून न्हाईस?”

“बापानं शबूद दिलता तिला, कुणाला सांगायचं न्हाई म्हणून. पाटोद्याकडं चारा लई चांगला हाय. तरी मी हितंच कावून येतो, वाटलं तुला?”

अण्णा त्याच्याजवळ सरकले. मग हळूच विचारलं, “आपली आई कशी हुती?”

“सावळी. लई बोलायची. मेंढरांना शिव्या घालायची अन् मग त्यांनाच कुरवाळत बसायची.”

ऊन उतरलं तशी मी उठले. अण्णा हलले नाहीत.

“तू हो म्होरं. तुझ्या आईला म्हनावं, चार भाकरी जास्तीच्या टाक. आमी येतो दोघं.”