न धुतलेला चंबू

बातमी घेऊन शाळेचा शिपाई वर्गाच्या दारात आला तेव्हा मी सातवीला भूगोल शिकवत होते. धुळ्याहून फोन होता, माझ्या धाकट्या बहिणीच्या कॉलेजातून. "कुमुद मॅडम एक्सपायर झाल्या," पलीकडचा कारकून म्हणाला, आणि त्याच दमात, "प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे राहिलीय, तेवढी येताना बघा." रात्री झोपली ती सकाळी उठलीच नाही, हे मला नंतर तिच्या शेजारणीनं सांगितलं. कॉलेजला आधी किल्ली हवी होती...

मग शोकसभा. प्राचार्य बोलले, विभागप्रमुख बोलले. मॅडम फार शांत, कधी कशाची तक्रार नाही, असं दोघंही म्हणाले. मी पहिल्या रांगेत बसून ऐकत होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती. शांत? आमची कुमुद? एरंडोलला लहानपणी पोट बिघडलं की आई कुड्याच्या सालीचा काढा द्यायची. मी नाक दाबून गिळायची आणि पळायची. ही वाटी धरून बसायची. "आई, कडू काय शे त्यामा?" आई म्हणायची, "साल कडू शे, आखो काय?" "साल नही, सालमा काय शे ते सांग." शेवटी आई वैतागायची, "पी ना माय, डोकं नको खाऊ." असली मुलगी गप्प बसते होय?

त्या एका प्रश्नापायी ती रसायनशास्त्र शिकली आणि ऐंशीच्या सुमाराला धुळ्यात प्राध्यापक झाली. सुट्टी लागली की सातपुड्याच्या पायथ्याला जाऊन कुड्याची साल आणायची. उन्हात वाळवली तर आतलं द्रव्य बिघडतं, म्हणून भाड्याच्या खोलीत पलंगावर साल पसरायची आणि स्वतः खाली सतरंजीवर झोपायची. मी गेले की मलाही सतरंजी. "कुमे, पाहुण्याला पलंग देतात गं," मी म्हणायची. "साल आधी आली, अक्का," ती म्हणायची.

तिचं काम मला समजलं ते असं. साल कुटून तिचा अर्क काढायचा. त्याचा थेंब एका काचपट्टीवर चढवला की आतली द्रव्यं वेगवेगळ्या ठिपक्यांत सुटतात. बहुतेक ठिपके आधीच्या लोकांनी ओळखलेले होते, पण एक कुणाशीच जुळत नव्हता. तो तिचा. ते द्रव्य शुद्ध मिळालं की मुंबईला मोठ्या यंत्रावर तपासून त्याची रचना कळणार होती, पीएच.डी. होणार होती. शुद्ध मिळवायची शेवटची पायरी म्हणजे द्रावण काचेच्या चंबूत घालून तोंडाला फडकं बांधायचं आणि हात लावायचा नाही. आठवडेच्या आठवडे. सावकाश तळाशी स्फटिकांच्या सुया धरतात. "विरजण लावल्यावर कुणी सारखं ढवळून बघतं का, अक्का?" ती म्हणायची.

सुया धरल्याही होत्या. मुंबईचा नंबर लागला होता. नेमकं तेव्हाच कॉलेजनं तिला प्रॅक्टिकलच्या परीक्षेला जळगावला धाडलं, आणि मागे तपासणी समिती यायची म्हणून प्रयोगशाळा चकाचक करायचा हुकूम सुटला. दाराशी रांगोळी, भिंतींना चुना. विभागप्रमुखांनी कपाट उघडलं. चंबूवर "हात लावू नये" अशी चिठ्ठी डकवलेली होती. आत तळाला पांढरा साका दिसला, तेवढ्यावर त्यांनी फर्मावलं, "ही घाण काढा इथून." ती परतली तेव्हा फळीवर चंबू ओळीनं पालथे घातलेले, लखलखीत. समिती खूश होऊन गेली होती.

तक्रार केली नाही म्हणे! प्राचार्यांच्या खोलीत ती इतकं कडाडली की व्हरांड्यात पोरं थबकली. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, झाड काय पळून जातंय? पुन्हा साल आणा." हे रसायनशास्त्राच्या माणसाला सांगत होते! तिनं आणली पुन्हा. त्या सालीत तो ठिपकाच नव्हता. जागा बदलली, हंगाम बदलला की झाड तेच द्रव्य तयार करील असं नसतं, आणि जिथली पहिली साल होती ती झाडं एव्हाना रस्त्याच्या कामात तुटली होती. मग वर्षानुवर्षं ही बाई रानं तुडवत राहिली. मार्गदर्शक निवृत्त झाले, नोंदणी बाद झाली. तिच्याहून लहान लोक डॉक्टर होऊन तिच्या डोक्यावर बसले. ज्यांनी चंबू धुवायला लावला ते विभागप्रमुख तर परवा तिच्या फोटोला हार घालून माइकवर तिला शांत म्हणाले. मी विसरणार नाही.

गेल्या दिवाळीआधी शिरपूरच्या वरच्या अंगाला तिला ती साल सापडली. काचपट्टीवर तोच ठिपका. या वेळी तिनं चंबू कॉलेजात ठेवलाच नाही. खोलीतल्या कपाटावर ठेवला आणि घरमालकिणीला बजावलं, झाडू तिथवर न्यायचा नाही. मी शेवटची भेटले तेव्हा आत नुसतं मधासारखं पाणी होतं. "धरतील," ती म्हणाली.

तिची खोली आवरली तेव्हा तो चंबू मी एस.टी.त मांडीवर घेऊन आले. पारोळ्यापर्यंत कंडक्टर म्हणत होता, बाई, वर ठेवा. मी ठेवला नाही. आता तो माझ्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर आहे.

काल कॉलेजचा शिपाई आला. मॅडमच्या नावानं काचेचं कपाट करणार आहेत, त्यात त्यांचा चंबू ठेवायचाय. मी फळीकडे बोट दाखवलं. तो टाचा उंचावून बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, साहेबांनी सांगितलंय स्वच्छ करून आणा. याच्या तळाला पांढरं काहीतरी धरलंय... तेवढं घासून द्या."

मी त्याला चहा दिला. म्हटलं, "धुतलेले चंबू दुकानात मिळतात. साहेबांना सांग, एक विकत आणा आणि ठेवा पाटी लावून."

तो गेल्यावर स्टूल घेतलं आणि वर चढले. सुयाच होत्या, बारीक, एकमेकींना टेकलेल्या. मुंबईला कुणाकडे पाठवायच्या हे मला ठाऊक नाही. विचारीन, दारोदार विचारीन, पण त्या कपाटात जाऊ देणार नाही.

कुमे, मी हात लावलेला नाही.