लेकीला चित्रांचे मार्क नकोत

मंडळी, आज डोकं पार चक्रावलंय, म्हणून इथे विचारतेय.

माझी लेक तन्वी दहावी जेमतेम पास झाली. अभ्यासात मन नाही, पण दिवसभर चित्रं काढत बसते. म्हणून सकाळी मी तिला वाशीच्या एका आर्ट कॉलेजात घेऊन गेले.

फॉर्म भरताना ती हळूच म्हणाली, "मम्मी, इथे नको. चित्रांनाही मार्क पडायला लागले तर मी तीही सोडून देईन."

"मग कॉमर्स करणार?"

"माहीत नाही."

कोरा फॉर्म घेऊन आम्ही शिरवण्याला माझ्या वडिलांकडे गेलो. साठच्या दशकात, तिच्याच वयाचे असताना, ते गावातल्या होड्या हौसेने रंगवायचे. माझ्या आजोबांनी त्यांना थेट मिठागरावर कामाला लावलं. मला वाटलं, ते तरी तिला समजावतील.

ते मलाच म्हणाले, "मना तवा कोनी इचारलाच नाय. तू तिला इचारलास, त आता तिचा आयक."

उद्या फॉर्मची शेवटची तारीख आहे आणि ती अजून "माहीत नाही" म्हणतेय. तिचं ऐकायचं म्हणजे नेमकं करायचं काय? तुमच्यापैकी कुणी यातून गेलंय का?