खंडेनवमीचं लख्ख इंजिन
थिनरची बाटली उघडली की मला सांगलीतल्या आमच्या घरातली ती खंडेनवमी आठवते आणि कान गरम होतात. हातभर लांबीचं परदेशी रेल्वे इंजिनाचं एक मॉडेल घेऊन मी वर्षभर खपलो होतो. त्याचं पुढचं तोंड कापून नवं बसवलं, तारेचे कठडे केले आणि आपल्या मिरज-सातारा मार्गावर धावायचं तसं डिझेल इंजिन त्यातून उभं केलं. शेवटी छतावर धुराची काजळी, चाकांपाशी गंज आणि टाकीवर तेलाचे ओघळ थिनरमध्ये कालवलेल्या रंगाने, बारीक ब्रशने रंगवले. माझा सगळा जीव त्या मळात होता. त्या सकाळी मी झेंडू आणायला गेलो आणि परत येऊन बघतो तर आष्ट्याहून आलेल्या सासूबाईंनी इंजिन पूजेच्या पाटावर मांडलेलं, हळदकुंकू लावलेलं, आणि लख्ख! “आवं जावईबापू, पूजेला गाडी अशी मळकी ठेवत्यात व्हय? काथ्यानं लय घासली, तवा निघाली.” पन्नाशीचा जावई मी, सासूसमोर आणि नेमक्या त्याच वेळी आलेल्या शेजाऱ्यांसमोर घळाघळा रडलो. “गाडी चकाकली म्हणून डोळं भरलं बगा त्यांचं,” सासूबाई कौतुकाने शेजाऱ्यांना म्हणाल्या, आणि मी मान डोलावली. तेव्हापासून मी दरवर्षी मळ पुन्हा रंगवतो, दर खंडेनवमीला त्या इंजिन घासायला मुद्दाम येतात, आणि खरं सांगायला मला अजून तोंड नाही. या वर्षी मात्र थिनर बाजूला ठेवून मी काजळी साध्या पाण्याच्या रंगाने चढवतोय, हात फिरवला की निघेल अशी. त्यांची मनगटं आता दुखतात.